स्पितीच्या वाटेवर टपावरचे ओझे

आमच्या घरातील न्हाणीघरापाशी वजनाचा एक काटा आहे. एरवी त्यावर उभे राहण्याचा उत्साह कोणालाच नसतो. गेल्या दिवाळीच्या आधी मात्र चार दिवस त्या काट्याला क्षणभर उसंत मिळाली नाही. पिशव्या, डबे, पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, झोपण्याच्या पिशव्या, घडीच्या खुर्च्या असे सारे एकामागून एक त्यावर चढले, आणि माझी बारा वर्षांची कन्या एका वहीत आकडे मांडीत राहिली. बेरीज आली १४८ किलो. चार माणसांच्या पंधरा दिवसांच्या प्रवासाचे हे सामान होते, आणि ते एका लहानशा जिम्नी गाडीत, म्हणजे गाडीत आणि गाडीवर, बसवायचे होते.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच आली होती. शाळेच्या सुट्टीत किन्नौरमार्गे स्पितीच्या खोऱ्यात जाण्याचा बेत माझ्या पतींनी दोन वर्षे मनात घोळवला होता. सोबत माझी आई येणार होती. वय ६८, बारा वर्षांपासून मधुमेह, रोज रात्री इन्सुलिनची एक मात्रा. डॉक्टरांनी रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा सारे तपासून, चढण सावकाश करण्याच्या अटीवर परवानगी दिली होती. मी आणि माझे पती पुण्याहून गाडी घेऊन पुढे जाणार, आई आणि लेक विमानाने चंदीगडला येणार, अशी विभागणी ठरली. पुणे ते चंदीगड हा लांबचा कंटाळवाणा टप्पा साठीपलीकडच्या कंबरेला आणि गुडघ्यांना सोसायला लावण्यात शहाणपण नव्हते.

प्रश्न होता सामानाचा. पाच दारांच्या जिम्नीत मागच्या आसनावर माणसे बसली की सामानाला उरते २०८ लिटर जागा. घरातील दोन मध्यम बॅगा ठेवल्या की संपली. तेव्हा छतावर कॅरियर बसवावयाचा हे उघड होते, आणि माझ्या पतींनी एका दुकानात तो पाहूनही ठेवला होता. काळा रंग दिलेला, चारी बाजूंनी कठडा असलेला, लोखंडी नळ्यांचा पिंजराच म्हणा ना. दिसायला रुबाबदार. पुढे दोन दिवे, मागे शिडी. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले, ‘‘ताई, दीडशे किलो टाका. काही होत नाही.’’

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. ‘काही होत नाही’ असे म्हणून उचललेल्या ओझ्यांचे परिणाम पाहण्यातच माझे दिवस जातात. त्यामुळे गाडीसोबत मिळालेली, आणि आजवर कोणीही न उघडलेली, माहितीपुस्तिका मी त्या रात्री उघडली. छतावरील कमाल भार ३० किलो. नंतर त्या पिंजऱ्याचे वजन विचारले. उत्तर आले २८ किलो.

म्हणजे तो रुबाबदार पिंजरा बसविल्यावर त्यात आम्हाला दोन किलो सामान ठेवता आले असते!

दुकानदार खोटे बोलत होता असेही मला म्हणवत नाही. छताचा भार दोन प्रकारे मोजतात, आणि हा भेद बहुतेकांना ठाऊक नसतो. गाडी उभी असताना छत जे पेलू शकते तो स्थिर भार. तो बराच मोठा असतो. त्याच बळावर लोक छतावर तंबू ठोकून आत झोपतात. गाडी धावत असताना, वळताना, खड्ड्यात आदळताना छत जे सुरक्षितपणे पेलते तो चालता भार, आणि प्रवासाला निघणाऱ्याने पाहावयाचा आकडा हाच. खड्ड्यातून उसळणाऱ्या गाडीवर तीस किलोचे ओझे तीस किलोचे राहत नाही. डोक्यावर घागर घेऊन चालणे आणि तीच घागर घेऊन पायऱ्या उतरताना उडी मारणे यांत मानेला जो फरक जाणवतो, तोच फरक छताच्या सांध्यांना जाणवतो. म्हणून कॅरियर बनविणारे काही उत्पादक खडबडीत रस्त्यासाठी ही मर्यादा दोन-तृतीयांशावर आणावयास सांगतात. आमचे ३० किलो त्यामुळे झाले २०, आणि त्यात कॅरियरचे स्वतःचे वजनही आले.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा, आणि तो तर कोणीच विचारीत नाही. माणसे, सामान, कॅरियर असे सर्व धरून गाडीचे कमाल वजन किती असावे, हा तो आकडा. आमच्या गाडीचा १,५४५ किलो. रिकामी गाडी सुमारे १,२०५ किलो. उरले ३४०. आम्हा चौघांचे वजन २३५. म्हणजे सामानाला राहिले १०५ किलो, आणि काट्यावर तर १४८ भरले होते. जागा नाही म्हणून आपण कॅरियर घेतो, परंतु कॅरियर फक्त जागा वाढवितो. गाडीची ताकद एका किलोनेही वाढवीत नाही. ब्रेक तेच, स्प्रिंगा त्याच, टायर तेच. उलट भार जितका उंच जाईल तितका गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी अधिक कलते. जिम्नीसारख्या अरुंद आणि उंच गाडीत हे चालकाच्या हाताला लगेच कळते, मागे बसलेल्यांच्या पोटाला त्याहूनही लवकर. घाटात मुलांना गाडी लागते त्यामागे कधी कधी टपावरचे ओझेही असते.

या साऱ्या हिशेबाच्या वेळी आई भाजी निवडीत बसली होती. माझे वडील एस.टी.त वाहक होते. तालुक्याच्या गावाहून डोंगरातल्या वाड्यांकडे जाणाऱ्या मुक्कामी गाडीच्या टपावर त्या काळी काय काय चढत असे, धान्याची पोती, करंड्या, सायकली, एकदा एक नवी कोरी शेवयांची पितळी सोऱ्यापेटी, याच्या कथा आम्ही लहानपणी ऐकलेल्या. आईने मान वर न करताच सांगितले, ‘‘तुझे बाबा म्हणायचे, टपावर असं ठेवावं की वाटेत पडलं तरी गाडी थांबवावी लागू नये.’’

खरेदीचे आमचे सारे धोरण या एका वाक्याने ठरविले.

पिंजरा रद्द झाला. पतींचा चेहरा दिवसभर उतरलेला होता, हे येथे नमूद करते. छतावरील सोयीचे साधारणतः तीन प्रकार मिळतात. कठड्याची टोपली, म्हणजे आमचा तो पिंजरा. सपाट पट्ट्यांचा अॅल्युमिनियमचा पाट. आणि नुसत्या दोन आडव्या दांड्या, ज्यांवर पेटी किंवा पिशवी बांधता येते. टोपली जड असते आणि वारा अडविते. पाट देखणा आणि मजबूत असतो, त्याच्या खाचांत कुठेही कडी सरकविता येते. मोठ्या गाडीला मी तोच सुचवीन. लहान गाडीला मात्र दोन दांड्या पुरतात. आमच्या जोडीचे वजन ६ किलो भरले. जिम्नीच्या छताच्या दोन्ही कडांना जुन्या गाड्यांना असे तशी पावसाच्या पाण्याची पन्हळ आहे. दांड्यांचे पाय त्या पन्हळीत घट्ट आवळता येतात, छताला भोके पाडावी लागत नाहीत. ज्या गाडीला पन्हळ नाही तिच्यासाठी त्याच गाडीचे माप घेऊन बनविलेले पाय मिळतात. भोक पाडून बसविण्याचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणावे. त्या भोकातून आधी पाणी येते, मग गंज येतो. शिवाय वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे. काढता-घालता येणारी दांडी आणि कायमचा जोडकामाचा सांगाडा यांत म्हणूनही पहिली बरी.

दांड्यांवर पेटी घ्यावी की पिशवी? टणक पेटीला कुलूप लागते, धूळ-पाणी आत जात नाही, वाऱ्याला ती कमी अडते. परंतु चांगल्या पेटीचेच वजन बारा ते वीस किलो असते. आमच्या वीस किलोच्या हिशेबात ती बसेना. जाड ताडपत्री कापडाची, शिवणी चिकटविलेली पिशवी ४ किलोंची मिळाली. दांड्या सहा, पिशवी चार. टपावर सामानासाठी उरले दहा किलो. एवढा खटाटोप करून दहा किलो, असे वाटेल. पण दहा किलोंत काय मावते ते पाहा: चौघांच्या झोपण्याच्या पिशव्या, चार गुंडाळीच्या गाद्या आणि जाड जाकिटांचे एक बोचके. वजनाने हलके, आकाराने अवाढव्य. गाडीतील निम्मी जागा हीच मंडळी खात होती. ती वर गेली आणि खाली माणसांना श्वास घ्यायला जागा झाली.

बाकीचे १४८ वरून खाली आणणे हा दोन रात्रींचा कलह होता. घडीच्या खुर्च्या गेल्या. गॅसची दुसरी शेगडी गेली. वीस लिटरचा पेट्रोलचा डबा गेला. काझाला पेट्रोलपंप आहे, रेकाँग पिओपाशी भरून घेतले की आमच्या गाडीला पुरते, आणि बंद गाडीत पेट्रोलचा वास कोंडून मुलांची डोकी दुखतात ती वेगळीच. चाळीस लिटर पाण्याचे दहा झाले. हत्यारांचे दोन संच होते, त्यांतला एक राहिला. कोणता ठेवायचा यावर मी मत दिले नाही. दांड्या आणि पिशवी धरून सारे ९८ किलोंवर आले.

आता गाडीच्या आतील मांडणी. मागच्या भागात खणांची कपाटे बसविण्याची टूम सध्या आहे. छायाचित्रांत ती फार सुबक दिसतात. पण लाकडी फळ्या आणि सरकपट्ट्या मिळून त्यांचे वजन सहज चाळीस किलोंच्या घरात जाते. लहान गाडीत तो भार म्हणजे न बोलावलेला पाचवा प्रवासी. त्याऐवजी आम्ही झाकणाच्या दोन टणक पेट्या घेतल्या. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, हवा भरण्याचा पंप, पाणी, शिधा, या पेट्यांत, तळाशी, मागच्या आसनाच्या पाठीला चिकटवून, आणि पट्ट्याने खालच्या कड्यांना बांधून. त्यांच्यावर कपड्यांच्या मऊ पिशव्या. सर्वांवरून जाळी. ही जाळी शोभेची नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली तर मागची मोकळी पाण्याची बाटली तिच्या वजनाच्या तीस-चाळीस पट जोराने पुढच्या डोक्यावर येते. पुढील आसनांच्या पाठीला कप्प्यांचे कापडी पट लावले. त्यांत मऊ वस्तूच ठेवल्या. खिडक्यांच्या वरच्या दांडीला अडकविण्याचे कप्पेही बाजारात मिळतात. ज्या गाडीत बाजूने उघडणाऱ्या पडद्याच्या एअरबॅगा आहेत, तिच्यात ते लावू नयेत. पडदा नेमका तिथूनच उघडतो.

प्रथमोपचाराची पेटी मागच्या दाराला आतून, एका हाताने निघेल अशी. आग विझविण्याचे लहान नळकांडे चालकाच्या आसनाशेजारी. आईची औषधे तिच्या कापडी बटव्यात, तिच्या मांडीवर. जास्तीच्या इन्सुलिनच्या दोन नळ्या आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या एका उष्णतारोधक गडद निळ्या पाकिटात, माझ्या आसनामागच्या कप्प्यात. या पाकिटाचा रंग ध्यानात ठेवावा.

निघण्यापूर्वी टपाची उंची मोजली. गाडी १ मीटर ७२ सेंटिमीटर, दांड्या आणि भरलेली पिशवी धरून दोन मीटरच्या थोडे वर. आमच्या इमारतीच्या तळघरातील तुळई किती खाली आहे हे तेव्हा प्रथम पाहिले आणि गाडी बाहेरच भरली. कन्येने तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून चालकासमोरील काचेच्या कोपऱ्यात चिकटविला. किन्नौरात शिरताना रस्ता काही ठिकाणी कड्याच्या पोटात खोदून काढलेला आहे. खडकाचे छत डोक्यावर ओथंबून येते आणि समोरून बस आली की आपल्याला कड्याच्याच बाजूला सरकावे लागते. त्या वेळी ती चिठ्ठी कामी आली.

पहिल्या शंभर किलोमीटरांवर थांबून दांड्यांचे बोल्ट पुन्हा आवळले. दोन बोल्ट सैल झालेच होते. ताशी ८० च्या पुढे वेग गेला की छतावरून शीळ ऐकू येई, आणि तासाभरात माझे कपाळ ठणकू लागे. सततचा आवाज माणसाला थकवितो हे आपण विसरतो. उपाय अगदी साधा निघाला. पुढच्या दांडीला सुती दोरी मळसूत्रासारखी गुंडाळली. वारा फुटला, शीळ थांबली. पट्टे गुणगुणत होते त्यांना एकेक पीळ दिला, तेही गप्प झाले. बांधण्यासाठी आम्ही खटक्याने आवळायचे पट्टे घेतले होते. हुक असलेली रबरी दोरी मी घरातून हद्दपार केली आहे. ताणलेल्या स्थितीत हुक निसटला तर तो सरळ डोळ्याकडे येतो, आणि अशा इजेने डोळा जाऊ शकतो. लहान मुले ओझे बांधायला मदत करतात म्हणून हे मुद्दाम लिहिते.

चंदीगडला आई आणि लेक आल्या. नारकंड्याला एक रात्र, साधारण २,७०० मीटर. तिथे पहाटे माकडांनी टपावरच्या पिशवीची परीक्षा घेतली. आत खाण्याचे काही नव्हते, म्हणून एक झाकणपट्टी उचकटून ती निघून गेली. पुढे कल्पा, सुमारे २,९५० मीटर, तेथे दोन रात्री. समोर किन्नर कैलास, अंगणात सफरचंदांच्या पेट्या भरण्याची घाई. आई त्या पेट्या भरणाऱ्या बायकांशेजारी बसून खुणांच्या हिंदीत गप्पा मारीत असे. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा डॉक्टरांचा दंडक. म्हणून नाकोला न थांबता, खाबपाशी सतलज आणि स्पिती यांचा संगम पाहून, नाकोचा चढ चढून आणि उतरून ताबोला मुक्काम केला. ताबो ३,२८० मीटर. तेथील विहार इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. बाहेरून मातीच्या ओबडधोबड भिंती. आत शिरले की अंधाराला डोळे सरावेपर्यंत काहीच दिसत नाही, आणि मग भिंतीभर रंग हळूहळू उमटू लागतात. आई तेथून लवकर निघेना.

सामानाविषयी माझा आणखी एक नियम होता. नव्या उंचीवर पोहोचल्यावर पहिल्या रात्रीला लागणारी एकही वस्तू टपावर असता कामा नये. पोहोचल्या पोहोचल्या टपावर चढणे, डोक्याच्या वर हात करून ओझे ओढणे, गाठी सोडणे, हे विरळ हवेत शरीराला फार महाग पडते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे त्याच संध्याकाळी दारात उभी राहतात. श्वास रोखून ओझे उचलू नये. रक्तदाब असणाऱ्याने तर नाहीच. टपावरील कोणतेही एक बोचके सात-आठ किलोंहून जड नसावे, आणि ते चढविताना घडीची लहान पायरी वापरावी. टायरवर एक पाय ठेवून, कंबर वळवून ओझे फेकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिच्यामुळे आलेले रुग्ण माझ्या ओळखीचे आहेत.

नियम उत्तम होता, आणि त्यानेच मला फसविले.

ताबोहून निघताना सकाळी हवा बोचरी होती. मी मागचा कप्पा आवरायला घेतला. निळे पाकीट काढून झोपण्याच्या पिशव्यांच्या ढिगावर ठेवले, क्षणभरापुरते. त्या पिशव्यांची खोळही गडद निळीच. पतींनी ढीग उचलला, मी खालून हात दिला, पिशवीची झिप लागली, पट्टे आवळले गेले. त्या पाकिटाला टपावर चढविणारे हात माझेच होते.

काझा ३,६५० मीटरच्या वर आहे. दुपारी पोहोचलो, सावकाश खोलीत गेलो, गरम पाणी प्यायलो. नियमाप्रमाणे टपाला कोणी हात लावला नाही. यजमानांनी जाड रजया दिल्या होत्या, झोपण्याच्या पिशव्या लागल्याच नाहीत. आईने रात्री बटव्यातून पेन काढून मात्रा घेतली आणि पेन नेहमीप्रमाणे पांघरुणात घेऊन ती झोपली. सकाळी खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी होती. गाडीत राहिलेली पाण्याची बाटली दगड झाली होती. आईने साखर तपासण्याच्या नव्या पट्ट्या मागितल्या, मी कप्प्यात हात घातला, आणि हात तसाच राहिला.

पाकीट टपावर झोपण्याच्या पिशव्यांच्या सर्वांत वर, कापडाला चिकटून मिळाले. आतल्या नळ्यांत बारीक स्फटिक दिसत होते. उष्णतारोधक पाकीट उन्हापासून वाचविते. रात्रभराच्या गोठणाऱ्या थंडीला ते काही तासच अडविते. पुण्यातील डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, ‘‘वितळल्यावर अगदी स्वच्छ दिसेल, पण वापरू नका. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.’’ मी दोन्ही नळ्या वेगळ्या ठेवल्या, त्यांवर कन्येने पेनाने फुली मारली.

मग हिशेब. पेनमध्ये सुमारे ८० एकक शिल्लक. आईची मात्रा १४, प्रत्येक वेळी सुई तपासण्यासाठी दोन वाया. पाच रात्री. आमचा बेत काझात आणखी तीन रात्री आणि पिनच्या खोऱ्यात दोन रात्री असा होता. परतीचा एक दिवस धरला की सहा. रस्त्यावर दरड आली तर त्याहूनही अधिक. पिनचे खोरे आम्ही जागच्या जागी रद्द केले. कन्येला तेथे रानबकरे पाहायचे होते. ती काही बोलली नाही, वहीतील एक पान मात्र तिने उलटून टाकले. काझातही काही हाती लागते का हे पाहावे असे पती म्हणत होते. पण आईचे इन्सुलिन एका ठराविक प्रकारचे, आणि प्रकार बदलण्याचा प्रयोग त्या उंचीवर करायला मी तयार नव्हते. उतरायचे ठरले.

मी आईची क्षमा मागितली तेव्हा ती हसली. ‘‘बाबांचं वाक्य एवढं सांगितलं, आणि तू मलाच टपावर चढवलंस,’’ म्हणाली. मग शांतपणे विचारले, ‘‘हिक्कीमचं पोस्ट होईल ना?’’

ते झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी, आईच्या बोटावरील ऑक्सिजनचे प्रमाण आणि साखर तपासून, हिक्कीमला गेलो. सुमारे ४,४०० मीटरवर एक लहानसे टपालघर, भोवती पिवळी पडलेली कुरणे, समोर बर्फाची शिखरे. साखर तपासण्याचे यंत्रही थंडीत काम करीत नाही, म्हणून तेही आईच्या शालीत होते. तिने आपल्या धाकट्या बहिणीला कार्ड लिहिले आणि टपाल पेटीत टाकले. तासाभरात खाली आलो. उंचावर फिरावे, झोपायला खाली यावे.

पुढच्या पहाटे काझा सोडले. रेकाँग पिओ तेथून सुमारे २०० किलोमीटर आहे, आणि ते किलोमीटर मैदानातले नव्हेत. अंधार पडता पडता पोहोचलो. औषधाच्या दुसऱ्या दुकानात आईचे इन्सुलिन मिळाले, तेही शीतकपाटातून काढलेले. आईने दोन्ही नळ्या माझ्या हातात दिल्या नाहीत. बटव्याच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या, नाडी ओढली, आणि बटवा पदराखाली घेतला. पुढील प्रवासात गाडीतील गरम हवेचा झोत पायाकडे सुरू झाला की ती बटवा वर धरी. उष्णतेनेही इन्सुलिन बिघडते, हे तिला मी सांगण्याची गरज नव्हती.

पुण्याला आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघांनी छतावरील दांड्या काढल्या. भरलेल्या टपाने गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर देत होती, मोकळ्या छताने पंधरा. गरज नसता त्या वर मिरवण्यात अर्थ नव्हता. पन्हळीतील धूळ ओल्या फडक्याने पुसली, बोल्टना तेल लावून ते एका डबीत भरले. निळे पाकीट कन्येने केशरी रंगाने रंगविले आहे. रंग अजून हाताला लागतो.